आमच्या स्कोपसाठी स्वतःचा झिरो मोडणाऱ्या काकांना

काका,

रेंजवर सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते. त्या दिवशी निघताना माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, नुसते हात जोडले. तेवढ्यावर भागलं असं मनाला काही पटत नाही. आणि हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते दहा जणांसमोर केलंत आणि त्यातल्या निम्म्यांना त्याचं मोल कळलं नसावं.

आमच्या घरात नेमबाज तिघं: मी, धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. रायफली तीन, स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, एक. हलक्या प्रतीचे तीन स्कोप घ्यायच्या पैशात एक चांगला घ्यायचा, हे आम्ही नीट विचार करून ठरवलं होतं. हलक्या स्कोपचं दुखणं आम्ही भोगलेलं आहे. नेम सरकवायचं बटण फिरवून दहा क्लिक वर जा, दहा क्लिक खाली या, गोळी काही जुन्या जागी परतत नाही. स्कोपचा खरा गुण भिंगाच्या चकाकीत नसतो; तुम्ही सांगाल तेवढंच हलायचं आणि परत बोलावलं की तिथेच यायचं, यात असतो. असा एकच घेऊ आणि तिघांत फिरवू, कारण तिघं एका वेळी गोळी थोडीच झाडणार आहोत? हिशेब सरळ होता.

अडलं ते पुढे. भावाच्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर स्कोप परत चढवला, की पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जायच्या. मग ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, जमायचा, अगदी घट्ट जमायचा, पण आदल्या वेळेपेक्षा वेगळ्याच जागी. दर वेळी नव्याने झिरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळीची जागा जुळवणं, आणि दर वेळी काडतुसांचा चुराडा. स्कोप वाटून घेण्यात पैसे वाचवायचे, आणि तेच पैसे कागदावर भोकं पाडण्यात घालवायचे.

आम्ही विचारलं नाही असं नाही. ज्याने माउंट, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणारी बैठक, बसवून दिला होता, त्याच्याकडे गेलो. त्याने रायफल हातातही घेतली नाही. 'स्कोप गेला, नवीन घ्या, आणि या वेळी तीन घ्या,' म्हणाला. दुसरे एक, नेमबाजीत नाव असलेले, आमचं सगळं ऐकून हसले. 'एकच बूट घालून तिघं शर्यतीत पळणार का?' असं सगळ्यांदेखत म्हणाले. भाची शेजारीच उभी होती. तिने त्यानंतर रायफलीची पेटी उचलली आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यांना ते वाक्य आठवतही नसेल. आम्हाला आठवतं.

आणि मग तुम्ही. आम्ही तुम्हाला विचारलंही नव्हतं. शेजारच्या लेनवरून तुम्ही भावाचं टार्गेट बघत होतात. फायरिंग थांबल्यावर आलात, बोल्ट काढायला सांगितलात, नळी रिकामी आहे हे स्वतः पाहिलंत आणि मग भाचीलाही पाहायला लावलंत. 'पहिल्या गोळ्या पळतात आणि मग बसतात, हो ना?' एवढंच विचारलंत. आमचा स्कोप खराब आहे की माउंट, हे ठरवायचं कसं, यावर भाऊ काहीतरी बोलू लागला, तोवर तुम्ही मागे वळला होतात आणि स्वतःच्या रायफलीवरून स्वतःचा स्कोप उतरवायला घेतला होता.

मी 'अहो, नको' म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत. माउंटसकट उतरवला असता तर निदान परत चढवताना थोडक्यात भागलं असतं. पण तुम्हाला तपासायचा होता आमचा माउंट, म्हणून तुम्ही स्कोप धरणाऱ्या रिंगांची वरची कडी सोडलीत, स्क्रू एकेक करून रुमालावर ओळीने मांडलेत आणि स्कोपची तीस मिलिमीटर जाडीची ती नळी अलगद उचलून आमच्या रिंगांत ठेवलीत. ज्यांनी कधी रात्र रात्र घालवून स्कोप सरळ बसवला आहे, डोळ्यापासूनचं अंतर मिलिमीटरभर पुढे-मागे करत जुळवलं आहे आणि मग झिरो मिळाल्यावर त्या रायफलीला दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही, त्यांनाच हे काय होतं ते कळेल. तुम्ही आमच्यासारख्या अनोळखी माणसांसाठी स्वतःचा झिरो मोडलात. आणि तोही चेहऱ्यावर उपकाराची रेघ न उमटू देता.

भावाने तुमच्या स्कोपमधून गोळ्या झाडल्या. तेच झालं. आधी पळापळ, मग ग्रुप. 'स्कोप निर्दोष आहे तुमचा,' तुम्ही म्हणालात, आणि हे वाक्य तुम्ही भावाकडे नाही, भाचीकडे बघून म्हणालात. काका, या वाक्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

दोष कुठे होता तेही तुम्ही बोटाने दाखवलंत. रायफलीवरची रेल, म्हणजे माउंट जिच्यावर बसतो तो खाचांचा रूळ, पिकॅटिनी जातीची, अमेरिकी सैन्याने १९९५ साली ठरवलेल्या मापाची, खाच ५.२३ मिलिमीटर रुंद. आणि आम्हाला गळ्यात मारलेला माउंट जुन्या वीव्हर मापाचा, ज्याची खाच ४.५७ची असते. माउंटची बारीक आडवी पट्टी रुंद खाचेत बसते, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालतंय. पण ती खाचेत मध्येच कुठेतरी राहिली, की रायफल धक्क्याने मागे येते, स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, आणि माउंट गोळीगणिक पुढे सरकत जातो, खाचेच्या भिंतीला टेकेपर्यंत. आवळण्याआधी माउंट रायफलीच्या नळीच्या तोंडाकडे दाबून भिंतीला भिडवायचा, दर वेळी त्याच खाचेत, दर वेळी टॉर्कच्या पेचकसाने तेवढ्याच जोराने. एवढी गोष्ट. बसवून देणाऱ्याला ती सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

बाकी तुम्ही जे शिकवलंत ते सगळं इथे लिहीत बसत नाही, वहीत आहे. पण काही गोष्टी आमच्यासारख्या इतरांच्याही कामाच्या आहेत म्हणून सांगते. टरेटचा, म्हणजे क्लिक फिरवायच्या बटणाचा, शून्य एकाच रायफलीला द्यायचा आणि बाकीच्यांचा फरक क्लिकमध्ये लिहून ठेवायचा. आमच्या स्कोपचा क्लिक पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे शंभर मीटरवर साधारण सात मिलिमीटर, पन्नासवर त्याच्या निम्मा. भाचीच्या पॉइंट टू टूसाठी, म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलीसाठी, वर किती, डावीकडे किती, हे आता तिच्या अक्षरात रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे. पॉइंट टू टू पन्नासवर आणि मोठी शंभरवर चालवायची तर पॅरॅलॅक्सचं, म्हणजे डोळा जरा हलला तरी नेम सरकू नये म्हणून अंतराप्रमाणे जुळवायचं, बटण असलेलाच स्कोप वाटून घेण्यासारखा, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि हेही, की वही कितीही चोख असली तरी स्कोप हलवल्यावर चार गोळ्या झाडून खात्री केल्याशिवाय त्या आकड्यांवर विसंबायचं नाही. त्या चार गोळ्या हा या काटकसरीचा खर्च आहे, तो धरूनच हिशेब करा, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. फुकटात होईल असं खोटं आश्वासन दिलं नाहीत.

या तिन्हींखेरीज आमच्याकडे एक जुनी स्प्रिंगची एअर रायफल आहे, तिच्यावरही हाच स्कोप फिरवावा असं भावाच्या मनात होतं. तुम्ही तिथे मात्र आवाज चढवलात. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का मागे येतो आणि लगेच पुढेही जातो. मोठ्या काडतुसाचा मार सोसणारा स्कोपसुद्धा, त्यासाठी बनवलेला नसेल, तर या उलट्या हिसक्याने आतून मोडतो. 'तिला उघडी साइट ठेवा, ती तशीच शोभते,' म्हणालात. तुमच्या त्या एका 'नाही'ने आमचा एकुलता एक स्कोप वाचला.

या खेळात सामान मिरवणारे भरपूर भेटतात. कोणाकडे काय आहे यावरून माणूस जोखणारेही भेटतात. पण प्रत्येक रेंजवर कोपऱ्यात एखादा असा असतोच, जो नवख्याच्या खांद्याखाली स्वतःचं जॅकेट घडी करून सरकवतो, दुसऱ्याचं टार्गेट मोजून देतो, आपली वेळ संपत आली असताना 'तू आटप आधी' म्हणतो. अशा माणसांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत. पण माझी खात्री आहे की हा खेळ टिकला आहे तो त्यांच्या जिवावर. गरजेपुरतं घेणाऱ्याला ते कमी लेखत नाहीत. आमच्या एका स्कोपकडे तुम्ही ज्या आदराने पाहिलंत, त्या आदराने आजवर कोणी आमच्याकडे पाहिलं नव्हतं.

नवीन माउंट आला आहे, खाचेत घट्ट बसणारा. दोन खाचांवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली आहे, एक भावासाठी, एक माझ्यासाठी. भाचीची रायफल आखूड दस्त्याची, म्हणून तिची खाच वेगळी. परवा स्कोप तिच्यावरून भावाच्या रायफलीवर गेला आणि पहिलीच गोळी जिथे जायला हवी तिथे गेली. भाऊ काही बोलला नाही, बोल्ट उघडून माझ्याकडे बघत राहिला.

आम्ही निघालो तेव्हा तुम्ही बाकावर बसून तुमचा स्कोप तुमच्या रिंगांत परत सरळ करत होतात. तुमचा सरावाचा वेळ आमच्यात गेला होता. तो परत देता येणार नाही, पण पुढच्या वेळी तुम्ही झिरो तपासायला बसाल, तेव्हा शेजारी बसून गोळ्यांची नोंद भाची करणार आहे. तिने स्वतःहून ठरवलं आहे, नवी वहीही आणून ठेवली आहे. कोणत्या दिवशी येणार ते तेवढं कळवा.

तुमची,
तीन रायफली आणि एका स्कोपवाली