समुद्रावरून येणाऱ्यांना तारीख विचारू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

शिडाच्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करत वाटेतल्या नातलगांना भेटणाऱ्या एका दांपत्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला आणि मनापासून आवडला. मात्र हे दोघे प्रत्येक घरी ठरल्या दिवशी पोहोचले, असे जे कौतुक त्यात केले आहे ते वाचून मला राहवले नाही. मी आणि माझे पती गेली काही वर्षे असाच प्रवास करत आहोत. आमच्यावर बेतलेल्या एकमेव प्रसंगाचे मूळ ठरलेल्या दिवसातच होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

नणंदबाईंना नात झाली होती आणि आम्ही शनिवारी दुपारी येतो असे कळवले होते. अंतर ४० सागरी मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. आमची बोट ताशी ५ मैलांनी, म्हणजे ५ नॉट वेगाने चालते, तेव्हा पहाटे पाचला नांगर उचलला की दुपारी एकला, भरती पूर्ण होण्याच्या सुमारास, खाडीत शिरता येईल असा हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. पण आदल्या रात्रीच्या अंदाजात वारा समोरून, वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ० ते १२ च्या बोफर्ट मापनावर ५ आणि दुपारनंतर ६, म्हणजे चांगलाच जोराचा, असा दिला होता. तो वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघाले, ‘पण त्या वाट बघत असतील.’ एरवी या अंदाजावर आम्ही बोट धक्क्यावरून हलवली नसती.

समोरून येणाऱ्या वाऱ्यात शिडाची बोट सरळ जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते, आणि ४० मैलांचे अंतर ५६ मैलांच्या घरात जाते. त्यात लाटांनी वेग कमी केला. एकच्या ऐवजी पाच वाजता आम्ही खाडीच्या मुखासमोर होतो, आणि तोवर ओहोटीचा चौथा तास चालू झाला होता. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी उतरायला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, पण ते सारखे उतरत नाही. खलाशांचा ढोबळ हिशेब असा, की एकूण उताराचे बारा भाग मानले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, आणि मग पुन्हा दोन व एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी बाहेर पडते आणि प्रवाह सर्वांत जोराचा असतो. हा बाहेर येणारा प्रवाह आत जाणाऱ्या लाटांना भिडला की लाटा आखूड व उभ्या होतात आणि मुखाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावर फुटू लागतात.

दुर्बिणीतून मला मुखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ दिसली. ती क्षणभर तुटायची आणि पुन्हा जुळायची. रेघेच्या पलीकडे शांत पाणी होते, धक्का होता आणि धक्क्यावर माणसे दिसत होती. फोन वाजत होता. सुकाणू यजमानांच्या हातात आणि ओला दोर माझ्या मुठीत, त्यामुळे तो कोणालाच उचलता येईना. ‘आत जायचे नाही,’ एवढेच ते म्हणाले आणि आम्ही बोट फिरवली. रात्री दोनच्या सुमारास पुन्हा भरती होती, पण अंधारात फुटणाऱ्या लाटा दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत थांबण्यावाचून पर्याय नव्हता. आठ मैल बाहेर खोल पाण्यात गेलो, पुढचे शीड नेहमीच्या उलट, म्हणजे वारा येतो त्या बाजूला ताणून सुकाणू बांधून ठेवले. असे केले की बोट जवळजवळ जागीच राहते. वारा किनाऱ्याला समांतर होता म्हणून हे करता आले. तो किनाऱ्याकडे वाहत असता तर रात्रभर आम्ही हळूहळू जमिनीकडेच ढकलले गेलो असतो.

‘आज येत नाही, उद्या दुपारी येतो,’ असा निरोप मी फोनवर लिहिला होता. सकाळी पाहिले तर तो गेलाच नव्हता. किनाऱ्यावर काय घडले ते नंतर कळले. नणंदबाईंनी आमचे शीड मुखाशी आलेले पाहिले, मग ते वळून समुद्राकडे जाताना आणि दिसेनासे होताना पाहिले. त्या मध्यरात्रीपर्यंत धक्क्यावर उभ्या होत्या. कोणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण ते आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्यांनी आमच्या मुलीला फोन केला, मुलीने माझ्या भावाला, आणि तीन घरांत रात्रभर कोणी झोपले नाही. आम्ही मात्र पाळीपाळीने दोन-दोन तास झोपलो होतो. याची बोच मला आजही आहे.

त्यानंतर आम्ही कोणालाही तारीख देत नाही. या आठवड्याच्या मध्यापासून पुढच्या आठवड्याच्या मध्यापर्यंत कधीतरी, आणि या तीन बंदरांपैकी एका ठिकाणी, असे सांगतो. हे ऐकून सुरुवातीला नातलग दुखावले. पण समुद्रावर ४० मैल जायला आम्हाला पूर्ण दिवस आणि अनुकूल वारा लागतो, तेच अंतर तुम्हाला बसने दीड-दोन तासांचे आहे, हे समजावून दिल्यावर माझा भाऊच म्हणाला, ‘ताई, तू जिथे असशील तिथे मी येतो.’ आता बहुतेक भेटी अशाच होतात, आणि त्यांत कमी काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. बोटीवर दोघेच असतात तेव्हा एक झोपला की दुसरा एकटा असतो, आणि समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम सांगतो की नजर सतत चौफेर हवी. नातलगांकडे तीन दिवस राहून, शेवटच्या रात्री बारापर्यंत गप्पा मारून पहाटे निघणे आम्हीही केले आहे. ते करू नये. निरोप घेतल्यावर एक रात्र बोटीवर शांत झोपावे आणि मगच नांगर उचलावा.

समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारात पुढे अशी तरतूद केली गेली, की सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटणारा निर्णय घेण्यापासून कप्तानाला जहाजाचा मालक, कंपनी किंवा अन्य कोणीही रोखू नये. ही तरतूद मोठी व्यापारी जहाजे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असेल, पण त्यातले ‘अन्य कोणीही’ हे शब्द वाचले की मला धक्क्यावर वाट पाहणारी आपली माणसे आठवतात. त्यांनी आम्हाला कधीच रोखले नाही. त्यांच्या प्रेमाचा भार आम्हीच आपल्या निर्णयावर पडू दिला.

म्हणून माझी विनंती अशी की, अशा प्रवासांवर पुन्हा लिहाल तेव्हा त्या दांपत्याला निघायचे कोणत्या दिवशी रद्द केले, हेही अवश्य विचारावे. आणि शक्य झाल्यास एक छोटी चौकट किनाऱ्यावरच्या माणसांसाठी द्यावी. बोटीचे नाव, रंग व लांबी, बोटीवर किती जण आहेत, कोणत्या बंदरातून कोठे निघाले, वाटेतली पर्यायी बंदरे कोणती, आणि अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध व बचाव यंत्रणेच्या कोणत्या क्रमांकावर कळवायचे, एवढे एका कागदावर लिहून प्रत्येक घरी आधीच पोहोचलेले असावे. आमचा असा कागद नणंदबाईंच्या घरी फोनशेजारी भिंतीवर लावलेला आहे, आणि दर प्रवासाआधी त्या स्वतःच फोन करून त्यातल्या वेळा बदलून घेतात.

आपली नम्र,
एक वाचक