नागपूरला घाट नाहीत म्हणून काय झालं

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू बोललास ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून आज निवांत बसून लिहितोय, मेसेजमध्ये एवढं सगळं मावणार नाही. "तू जा निलगिरीला, मी इथे नागपुरात कसली तयारी करणार, इथे घाटच नाहीत" असं म्हणालास आणि विषय बदललास. मला ते पटलेलं नाही. आणि नुसतं पटलं नाही असं नाही, मला वाईट वाटलं, कारण सायकलवर माझ्यासोबत आठ दिवस काढू शकेल असा माणूस मला तुझ्याशिवाय दुसरा दिसत नाही.

आधी टूरबद्दल सांगतो, तुझ्या डोक्यात तिचं जरा जास्तच भयंकर चित्र आहे असं वाटतंय. टूर ऑफ निलगिरीज ही सायकल टूर २००८ पासून चालू आहे, डिसेंबरमध्ये असते, कर्नाटक तमिळनाडू केरळ असा पट्टा, आठ दिवसांत साधारण नऊशे किलोमीटर. रूट दरवर्षी थोडा बदलतो. दिवसभर रेस नसते, रोजच्या रस्त्यातला ठरावीक तुकडा टायमिंगचा असतो, त्यात काय ती मारामारी करायची, बाकीचं अंतर ग्रुपमध्ये गप्पा मारत जायचं. सामान गाडीतून पुढे जातं, रस्त्यात पाण्याचे खाण्याचे थांबे असतात, मेकॅनिक असतो, डॉक्टर असतो. म्हणजे आपल्याला कामं तीनच, चालवा, खा, झोपा. आणि गंमत म्हणजे सगळे लोक पहिल्या कामाची तयारी करतात आणि बाकीच्या दोन कामांत मार खातात. याच्यावरच मला तुझ्याशी बोलायचंय.

पण तुझी भीती घाटाची आहे तर तेच आधी. कलहट्टी. मसिनागुडीवरून उटीला चढणारा रस्ता, ३६ हेअरपिन वळणं, आपण सिंहगड डोणज्यापासून नऊ किलोमीटर चढायचो ना, त्याहून लांब आणि त्याहून खडा. वर उटी २२४० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणच राहतो, त्यामुळे तेवढेच वॅट, म्हणजे तेवढाच जोर, काढायला धाप जास्त लागते. हे सगळं खरं आहे, मी कमी करून सांगत नाही. पण पायाला घाट म्हणजे काय कळतं सांग. एक ठरावीक जोर, न थांबता, तासभर किंवा त्याच्याही वर. बस. सपाट रस्त्यावर हा जोर लावता येत नाही असं थोडंच आहे, फक्त तिथे मध्येच पेडल मारायचं थांबवायची सोय असते आणि आपण ती वापरतो, घाटात ती सोय नसते. ती सोय तू स्वतःहून बंद केलीस की झालं. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे, थ्रेशोल्डच्या, म्हणजे तासभर टिकेल तेवढ्या जोराच्या, जरा खाली, मध्ये दहा मिनिटं हलकं, एकदाही पेडल थांबवून कोस्टिंग नाही. आणि आठवड्यातून एकदा मोठ्या गिअरवर मिनिटाला पन्नास-साठ पेडल फेऱ्यांच्या केडन्सने दहा-दहा मिनिटं, बसून, उठायचं नाही, कारण कलहट्टीवर केडन्स असाच खाली येणार आहे आणि मांड्यांना तो जोर माहिती पाहिजे. टर्बो ट्रेनर, म्हणजे घरात सायकल लावून चालवायचा स्टँड, असेल तर पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा ठेव म्हणजे कंबरेला चढावरची पोझिशन कळते. आणि रामटेक आहे की! गावातून गडमंदिराकडे जाणारा चढ छोटा आहे पण पाच-सहा वेळा खालीवर केलास तर तोही बोलायला लागतो.

आणि नागपूरच्या माणसाने घाटाचं कारण देणं तर मला अजिबात मान्य नाही. डॉ. अमित समर्थ तुझ्याच गावचे ना? २०१७ ला रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, सोलो पूर्ण केली, त्यात कोलोरॅडोमध्ये वोल्फ क्रीक पास लागतो, ३३०० मीटरच्या वर. त्याच्या पुढच्या वर्षी ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम, मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९१०० किलोमीटरच्या आसपास, १५ स्टेजेस. मी त्या रेसबद्दल जितकं वाचतो तितकं मला हेच दिसतं की तिथे घाट चढणाऱ्यापेक्षा स्टेज संपल्यावर पुढच्या स्टेजसाठी पुन्हा उभा राहणारा माणूस टिकतो.

हे नुसतं वाचून बोलत नाहीये. फेब्रुवारीत आम्ही काहीजण तीन दिवसांची राइड मारली. पहिल्या दिवशी पुणे-ताम्हिणी-माणगाव-महाड, दुसऱ्या दिवशी पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी पाचगणी वाई, सुरूरला हायवेला लागून बोगदा पार करून शिरवळ आणि घरी. आंबेनळी तुला माहितीये, पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला आणि वर महाबळेश्वर साडेतेराशे मीटर, चाळीस किलोमीटर नुसता चढ, फार खडा नाही पण संपतच नाही. तिथे आमच्यातला एकजण, ग्रुपमधला सगळ्यात हलका आणि सगळ्यात तगडा, सगळ्यांच्या कितीतरी आधी वर पोचला. काय चढला रे तो, बघण्यासारखं होतं. वर पोचल्यावर फोटो काढले, चहा घेतला, मग मार्केटमध्ये फिरत बसला, संध्याकाळपर्यंत पोटात धड काही नाही, रात्री भूक मेली म्हणून दोन चपात्या. आमच्यासोबत पन्नाशीच्या एक मॅडम होत्या, त्या त्याच्यानंतर तासाभराने पोचल्या, आणि आल्या आल्या सायकल भिंतीला लावून पहिलं काय केलं तर डबा उघडला. दहीभात, मीठ घातलेला. मग कपडे बदलले, पाय वर करून दीड तास झोपल्या, संध्याकाळी परत जेवल्या, रात्री परत.

तिसऱ्या दिवशी काय झालं असेल तुला कळलंच असेल. पसरणी उतरेपर्यंत सगळे सारखेच असतात, उतारच आहे. वाईनंतर जिथे सतत पेडल मारायला लागतं तिथे तो पोरगा मागे मागे पडायला लागला, हार्टरेट वरच जाईना, जोर लावतोय पण आकडा एकशे तीसच्या आसपास अडकलेला, आणि पाय जड. शरीर थकलं की हे असंच होतं, दम लागत नाही, पण ताकदही निघत नाही. शिरवळला तो झाडाखाली बसला तो बसलाच. मॅडम मात्र शिरवळपासून पुढे कात्रजपर्यंत वाऱ्यात पुढे राहून आम्हाला ओढत होत्या. मी त्यांच्या चाकामागे होतो आणि तिथेच ठरवलं की आता तयारी करायची तर ही.

यामागचा हिशेब सोपा आहे. अंगात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरी. घाटातला एक मोठा दिवस अडीच-तीन हजार सहज जाळतो. रस्त्यात तासाला साठ ग्रॅम कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, पोटात गेलं पाहिजे, पोटाला सवय असेल तर नव्वदपर्यंत, आणि सवय ही करावीच लागते, एकदम डिसेंबरमध्ये जाऊन जमत नाही. एक केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, मग गुळाची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत साखर-मीठ-लिंबू. एनर्जी जेल मला चालतात पण दिवसातून दोनच्या वर नाही, आठ दिवस गोड गोड खाऊन माणूस वैतागतो म्हणून खारं पण ठेवायचं, उकडलेला बटाटा मीठ लावून, नाहीतर सरळ इडली. आणि पोचल्यावर पहिल्या तासात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम कार्ब, तुझं वजन सत्तर धरलं तर सत्तर ग्रॅम, म्हणजे अडीचशे ग्रॅम शिजलेला भात. वरण-भात, दहीभात, काहीही. आंघोळ नंतर, फोटो नंतर, घरी फोन नंतर. साठे पूर्ण भरायला जवळजवळ चोवीस तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत सायकलवर बसायचंय, म्हणजे एक तास वाया घालवणं परवडत नाही.

जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा मी दोन दिवस रस्त्याच्या कडेला उभा होतो, यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, ४३७ किलोमीटरची रेस आपल्या गल्लीतून जातेय यावर विश्वासच बसत नव्हता. ते पेलोटॉन, म्हणजे रायडरचा अख्खा घोळका, येतं तेव्हा आधी हवेचा आवाज येतो आणि मग सगळं दहा सेकंदांत संपतं. पण मला जास्त बघायला मिळालं ते स्टेज संपल्यावर. रायडर लाइन ओलांडतो, थांबतो, कोणीतरी अंगावर जॅकेट टाकतं, हातात बाटली देतं, आणि तो कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी ती संपवतो. वीस-बावीस वर्षांची पोरं, एवढी शिस्त. आपल्याला बाटली द्यायला कोणी नसणार, पण बाटली आदल्या रात्री भरून ठेवायला कोण अडवतंय.

म्हणून माझा प्लॅन असा आहे आणि तो तुला नागपुरात जसाच्या तसा करता येतो. आठवड्यात दोन दिवस जोराचं, वर लिहिलंय ते, बाकी हलकं, इतकं हलकं की फोनवर बोलता आलं पाहिजे. आणि महिन्यातून एकदा शुक्रवार-शनिवार-रविवार सलग. तुझ्यासाठी मी असं धरलंय, शुक्रवारी रामटेक जाऊन-येऊन शंभर, शनिवारी वर्धा जाऊन-येऊन दीडशे, रविवारी परत रामटेक. रविवार सगळ्यात महत्त्वाचा. त्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोज, नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल तर शनिवारी कुठेतरी कमी खाल्लंस किंवा कमी झोपलास, ते शोध. सगळं वहीत लिही, पॉवरचे आकडे नकोत, काय खाल्लं, किती वाजता, किती झोप, एवढंच. मी मार्चपासून लिहितोय आणि खरं सांगतो, त्या वहीने मला पॉवर मीटरपेक्षा जास्त शिकवलंय. शेवटचे दोन आठवडे मग अंतर निम्म्यावर आणायचं, जोराचे छोटे तुकडे मात्र चालू ठेवायचे.

बारीकसारीक गोष्टी पण आहेत ज्यांनी लोक टूर सोडतात. बसायच्या जागेचे फोड हे त्यातलं एक मोठं कारण. पोचलं की ओली शॉर्ट्स अंगावर एक मिनिट ठेवायची नाही. चार चांगल्या शॉर्ट्स घेऊन जायच्या कारण डिसेंबरात उटीला हॉटेलच्या बादलीत धुतलेलं काही रात्रीतून वाळत नाही. थंडीचं तुला सांगायला नको, पहाटे सहाला कडाक्याच्या थंडीत निघायची सवय आम्हा पुणेकरांपेक्षा तुलाच जास्त आहे. आणि रूममधला दुसरा माणूस घोरणारा निघाला तर कापसाचे बोळे. तू असशील तर ते लागतीलच.

एक गोष्ट मात्र नागपुरात शिकता येत नाही हे कबूल, ती म्हणजे उतार. कुन्नूरकडचे, कोटागिरीकडचे रस्ते म्हणजे वळणावर वळण, मध्येच बस आडवी येते, धुकं असतं, आणि आठ दिवसांचं शरीर थकलेलं असताना हात ब्रेकवर उशिरा जातात. मला चढापेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की एक आठवडा इकडे ये. पसरणी रोज दोनदा उतरू, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, बाहेरचा पाय खाली आणि वजन त्याच्यावर, नजर वळण जिथे संपतं तिथे. आंबेनळी एकदा चढू. रात्री आईच्या हातचा भात, ती तशीही विचारतेच तू कधी येणार म्हणून, आणि तुला किती वाढायचं हे तिला कुठल्याही कोचपेक्षा जास्त कळतं.

मला टायमिंग सेगमेंटमध्ये पहिल्या वीसात वगैरे यायचंय असं काही नाही. मला आठव्या दिवशी पहिल्या दिवसासारखं चालवायचंय, आणि ते शेजारी तू असताना. तू पुण्यात होतास तेव्हा आपण दोघं आळीपाळीने वारा घ्यायचो, कुणीही न बोलता बरोबर वेळेला बाजूला व्हायचा, तसं परत कुणासोबत जमलं नाही.

फॉर्म सुरू झाले की मी लगेच कळवतो, तोपर्यंत घरी बोलून ठेव, वहिनींशी मी पण बोलेन हवं तर. आणि एक काम आजच कर. तुझ्या सायकलला मागे अजून ती ११-२८ चीच कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, आहे ना, कलहट्टीला ११-३४ लागेल, आणि ती बसायला गिअर बदलणारा डिरेलर मिडियम केजचा पाहिजे, शॉर्ट केजला चालणार नाही, चेनही लांब घ्यावी लागेल. मागच्या डिरेलरचा बाजूने एक फोटो काढून पाठव, मॉडेल नंबर आतल्या बाजूला असतो तो पण दिसू दे. इथल्या दुकानात विचारून ठेवतो, तू आलास की आपणच बसवू.

तुझाच