टेक्सासमधल्या नातवंडांच्या आजी-आजोबांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांचं आपल्याकडे खूप कौतुक होतं आणि ते बरंचसं खरंही आहे, पण मुलाला ऑटिझम किंवा तसं काही असेल तर शाळेत मदत कशी मिळवायची हे नवीन आलेल्या आईबाबांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. मी डॅलसजवळ राहते, माझा मुलगा ऑटिस्टिक आहे.

अशा मुलांना गरजेप्रमाणे मोफत शिक्षण द्यायचा कायदा इथे १९७५ पासून आहे, मुलं शोधून काढायची जबाबदारीही स्कूल डिस्ट्रिक्टचीच, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची. तरी टेक्सासमध्ये काय झालं बघा, २००४ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं ८.५ टक्के हा आकडा ठरवला, त्याहून जास्त मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये, म्हणजे अशा मुलांसाठीच्या खास शिक्षणात असली की डिस्ट्रिक्टचे मार्क कमी. देशात हेच प्रमाण साधारण १३ टक्के होतं! मग मुलांना बाहेरच ठेवायला लागले. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या इथल्या वर्तमानपत्रानं हे बाहेर काढलं, २०१७ मध्ये कायदा करून मर्यादा काढली. १२ वर्षं गेली हो, पहिलीतलं पोर शाळा संपवून बाहेर पडलं तेवढ्यात.

शिक्षकांवर माझा राग नाही. केंद्र सरकारनं या मुलांवरच्या जादा खर्चाचे ४० टक्के देऊ म्हटलं होतं, ते आजवर कधीच पूर्ण दिले नाहीत, त्यामुळे डिस्ट्रिक्ट हात आखडता घेतात. पण त्याची किंमत मुलांनी का मोजायची?

'थोडं थांबून बघू' हे अजून ऐकायला मिळतं. आम्हाला तर शाळेत सांगितलं की घरी मराठी बोलता म्हणून तो उशिरा बोलतोय. दोन भाषांमुळे असं होत नाही, हे नंतर स्पीच थेरपिस्टनंच सांगितलं.

म्हणून तपासणीची मागणी तोंडी नको, ईमेलनं डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन डायरेक्टरला करा. मग शाळेच्या १५ दिवसांत (सुट्ट्या धरायच्या नाहीत) त्यांना उत्तर द्यावंच लागतं, तपासणीला संमती म्हणून तुमची सही झाली की शाळेच्या ४५ दिवसांत रिपोर्ट. पुढे मुलाला कोणती मदत द्यायची ते ठरवायला मीटिंग होते, टेबलाभोवती सहा-सात जण, समोर स्क्रीनवर फॉर्म, त्यात एक ओळ असते, स्पीच थेरपी आठवड्याला ३० मिनिटं वगैरे. तिथेच थांबवून विचारा, एकट्याला का ग्रुपमध्ये, आणि तीसच का? थेरपिस्ट कमी आहेत हे कारण चालत नाही, मिनिटं मुलाची गरज बघूनच ठरवायची असतात. पटलं नाही तर लगेच सही करू नका, शाळेचे १० दिवस मागून घेता येतात. दुभाषाही फुकट मिळतो.

आणि व्हिसाची भीती काढून टाका. शाळेनं इमिग्रेशन न बघता मुलाला शिकवायचं, हा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल टेक्सासच्याच केसमधला आहे.

इथली तरुण मंडळी मराठी पेपर फारसा उघडत नाहीत पण त्यांचे आईवडील रोज वाचतात, त्यांनी रविवारच्या फोनवर एवढं कानावर घातलं तरी खूप होईल.

– एक आई, डॅलस