भागोजीशेठांची ठेकेदारीही सांगायला हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रत्नागिरीच्या पतितपावन मंदिराविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. १९२९ मध्ये शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते झालेली पायाभरणी, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झालेले मंदिर आणि त्यामागची स्थानबद्ध सावरकरांची प्रेरणा, हे सारे त्यात नीट आले आहे. मात्र ज्यांनी हे मंदिर पदरच्या पैशाने उभे केले, त्या भागोजी बाळोजी कीर यांची बोळवण लेखकाने ‘दानशूर भागोजीशेठ’ एवढ्या दोन शब्दांत केली आहे. हे याच लेखात घडले असे नाही. भागोजीशेठांवर जे काही लिहिले जाते त्यात दान ठळक असते आणि ते दान ज्या धंद्यातून आले तो धंदा मात्र अंधारात राहतो.

रत्नागिरीच्या एका गरीब भंडारी कुटुंबातला हा मुलगा लहान वयात मुंबईला गेला, सुतारकाम शिकला, आणि त्या कामातून वर येत इमारतींचे ठेके घेऊ लागला. पुढे शापूरजी पालनजी यांच्या पारशी पेढीशी त्यांचे सूत जमले आणि मुंबईतल्या मोठ्या बांधकामांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. त्यांच्या बालपणाच्या कथा रत्नागिरीत पुष्कळ सांगितल्या जातात आणि सांगणाऱ्यागणिक त्या बदलतातही. त्या बाजूला ठेवल्या तरी रंध्यापासून ठेक्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला असेल, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

मी नोकरीची सारी वर्षे सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून काढली, त्यामुळे ठेकेदाराचे गणित जवळून पाहिले आहे. टेंडर भरतानाच अनामत रक्कम अडकते. काम सुरू झाले की गवंडी, सुतार आणि बिगारी यांचा आठवड्याचा पगार हातावर ठेवावाच लागतो. वाळू, चुना, लाकूड उधारीवर येते आणि व्यापारी ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. उलट ठेकेदाराचे बिल मात्र मोजमापे वहीत चढल्याशिवाय, ती तपासल्याशिवाय आणि त्यातून कपात झाल्याशिवाय निघत नाही, आणि काम संपल्यावरही सुरक्षा ठेव बरेच दिवस सुटत नाही. वडिलोपार्जित भांडवल असलेला माणूस हा मधला काळ पैशावर काढतो. ज्याच्यामागे काही नाही त्याला तो केवळ शब्दावर आणि पतीवर काढावा लागतो. पाठीशी कोणी सावकार घराणे नसताना भागोजीशेठ या धंद्यात टिकले आणि वाढले, याची नोंद व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेला ठेकेदारीच्या पैशाचा आधार पूर्वीपासून होता. महात्मा फुले स्वतः ठेकेदारीत होते. मुंबईत स्थायिक झालेले तेलुगू ठेकेदार सत्यशोधक समाजाच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांना शाळा आणि सरकारी कचेऱ्या सहज खुल्या नव्हत्या, त्या समाजांतल्या कर्तबगार माणसांना हा धंदा खुला होता, कारण इथे पोथी येते की नाही यापेक्षा भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पाहिले जाई. भागोजीशेठ याच परंपरेतले होत. त्यांना केवळ सावरकर-चरित्रातले एक पात्र मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

रत्नागिरीत किल्ल्याच्या परिसरात त्यांनी भागेश्वराचे देऊळ बांधले, पण जन्माने ब्राह्मण नसल्यामुळे तिथे स्वहस्ते पूजा करण्याला हरकत घेतली गेली, असे सांगतात. त्या अनुभवातूनच पतितपावन मंदिरासाठी त्यांनी हात मोकळा सोडला असावा. नवे देऊळ बांधल्याने जुन्या देवळांची दारे आपोआप उघडत नाहीत, हा त्या काळापासूनचा आक्षेप मला रास्त वाटतो. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला तो जुन्याच दारासाठी होता. पण स्वतःचा पैसा घालून सर्वांसाठी गाभारा बांधणारा माणूस त्या आक्षेपाने लहान होत नाही.

मला स्वतःला मंदिरापेक्षा दादरची स्मशानभूमी अधिक महत्त्वाची वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दादर-माहीमचा भाग झपाट्याने वसत होता. वस्तीची आखणी करताना रस्ते, मैदाने, शाळा यांचा विचार होतो. मृतदेह कुठे न्यायचा हा विषय मात्र कोणाला काढावासा वाटत नाही. समुद्राकाठची, आज भागोजी कीर यांच्या नावाने ओळखली जाणारी ती स्मशानभूमी त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने झाली. देवळाला देणगी देणारे पुष्कळ सापडतात, स्मशानासाठी पैसा काढणारा विरळा, कारण तिथे देणगीदाराच्या नावाने आरती होत नाही. कामही सोपे नव्हे: खारा वारा, उधाणाचे पाणी, सतत धगीत राहणारी फरशी, पावसाळ्यातही कोरडी ठेवायची लाकडे. ही गरज ओळखायला आणि ती निभावायला बांधकामातलाच माणूस हवा होता. शेजारीच आज चैत्यभूमी आहे आणि ६ डिसेंबरला लाखो लोक त्या किनाऱ्यावर येतात. त्यांतल्या कितीजणांना हे नाव ठाऊक असेल, याची शंका वाटते.

१९४४ मध्ये भागोजीशेठ गेले. त्यांच्या पेढीचे करारनामे, हिशेबाच्या वह्या, नकाशे, मजुरांचे हजेरीपट यांतले जे काही कुटुंबीयांकडे, मंदिराच्या दप्तरात किंवा मुंबईतल्या जुन्या पेढ्यांच्या कपाटांत उरले असेल, त्याला वाळवी लागण्याआधी ते एकत्र करणे आवश्यक आहे. आपल्या दैनिकाचा वाचक रत्नागिरीतही आहे आणि गिरगाव-दादरलाही. आपण पुरवणीतून आवाहन केल्यास अशी कागदपत्रे बाळगून असलेली माणसे पुढे येतील. रत्नागिरी परिसरातील कागद पाहून त्यांची यादी करण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, रत्नागिरी