नुसते ‘व्हेज’ लिहून क्योतोत भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयता जपानमधील क्योतोच्या एका जुन्या उपाहारगृहात काईसेकी पद्धतीचे, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ वाढत जाणारे जेवण जेवलो; खरे तर मी जेवलो आणि सौ. बहुतेक वेळ पाहत बसल्या. आमचे आरक्षण करणाऱ्या सहल कंपनीने अर्जात ‘एक व्हेज’ एवढेच लिहिले होते. यजमानांनी त्याचा प्रामाणिकपणे अर्थ लावून सौं.च्या वाट्याचे मांस आणि मासे वगळले होते, पण दाशी वगळली नव्हती.

दाशी म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि बोनिटो मासा धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवून काढलेला त्याचा कीस, यांचे पाणी. सार, शिजवलेल्या भाज्या, कित्येकदा भातसुद्धा याच पाण्यावर होतो.

सुरुवातीला ‘हास्सुन’ आले. आठ सुन (सुन हे लांबीचे जपानी माप), म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तबकावरून हे नाव पडले आहे. त्यातल्या पाइनच्या सुईत ओवलेल्या गिंकोच्या बिया आणि एक चेस्टनट सौं.नी आवडीने खाल्ले. मग लाखेची झाकणाची वाटी आली. वाफेने झाकण घट्ट बसले होते. वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायच्या असतात, हे वाढणाऱ्या बाईंनी गुडघे टेकून दाखवले. झाकण सुटले, आधी युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीचा आणि पाठोपाठ सुक्या मासळीचा वास आला, आणि वाटी पुन्हा झाकली गेली. आता भातावर भागवू म्हणावे, तर तो लोणचे आणि मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) साराबरोबर अगदी शेवटी येतो. (चहाविधीच्या काईसेकीत मात्र थोडा भात आरंभीच वाढतात, पण आम्ही तेथे नव्हतो.)

यात उपाहारगृहाचा दोष मी मानत नाही. तेथे सामान त्या दिवसाच्या पाहुण्यांच्या संख्येने आणलेले असते आणि दाशी सकाळीच तयार झालेली असते. ऐनवेळी ‘थोडे बदलून द्या’ म्हणणे म्हणजे पंगत बसल्यावर पुरणपोळीऐवजी दुसरे पक्वान्न मागण्यासारखे आहे. नामांकित ठिकाणी रात्रीच्या जेवणाला माणशी ३०,००० येन सहज पडतात, तेव्हा सहल कंपन्यांनी आरक्षण करतानाच ‘मासळीची दाशीही चालत नाही’ असे जपानीत स्पष्ट कळवावे आणि होकार लेखी घ्यावा. नकार आला, तर आपल्या प्रवाशाला बौद्ध मठांच्या ‘शोजिन र्योरी’ या शाकाहारी जेवणाकडे न्यावे. तेथे दाशी कोम्बू आणि शिताके अळंब्यांची असते, कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्योतोच्याच आराशियामा भागातील तेनर्यूजी मंदिराच्या आवारात आम्ही तसेच जेवलो. या वेळी सौं.नी सारासह सगळे ताट संपवले आणि आदल्या रात्रीच्या बिलाचा विषय मला पुन्हा काढू दिला नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली