जिग करून देणाऱ्या सुतारकाकांना

काका, नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही, तुमचा मुलगा वाचून दाखवेल असं म्हणालाय, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला पक्कं माहितीये.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. जिग म्हणजे जोडताना तुकडे बरोबर कोनात धरून ठेवणारा साचा. मी स्टेन्ड ग्लासचे, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून, छोटे डबे करते, दागिन्यांचे वगैरे. ३ एमएम काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावायचा आणि मग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने, तुकडे जोडायचे. न्यूयॉर्कच्या टिफनीचे दिवे याच पद्धतीने व्हायचे. काकांनी आधी विचारलं होतं की मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या रंगीत खिडक्यांना आहे तेच का हे, तर काका, तिथे शिशाच्या खाचवाल्या पट्ट्यांमधे काच बसवलेली असते, आणि मुख्य म्हणजे खिडकी सपाट असते हो, टेबलावर आडवी ठेवून जोडता येते. डब्याला कोपरे असतात, खरी बोंब तिथेच आहे. दोन काचा उभ्या धरायच्या, एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डरची तार, म्हणजे हात लागतात चार आणि देवाने दिलेत दोन. लोक चिकटपट्टी लावतात, मुलांचे लेगो लावतात, मसाल्याच्या बाटल्या टेकवतात, आणि ते सगळं चालतं पण काटकोनाची गॅरंटी नाही. चार इंचाच्या बाजूला कोपरा फक्त एक अंश उघडला तरी दुसरं टोक अर्ध्या सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त सरकतं, डब्याची शंकरपाळी होते, आणि हे कळतं कधी तर चौकोनी झाकण वर ठेवल्यावर.

तर शेजारी किचनचं काम चालू होतं तेव्हा मी काकांना म्हटलं की मला प्लायवर दोन पट्ट्या काटकोनात ठोकून द्या. इतकंच मागितलं होतं. त्यांनी काच हातात घेतली, नखाने जाडी बघितली, "एक सूत" म्हणाले, आणि लगेच विचारलं, कुठली फळी कुठल्या फळीवर चढणार? मी आपली बघतच राहिले, कारण काचेच्या डब्यातला पहिला प्रश्न हाच असतो. प्रत्येक काच एका टोकाला पुढच्या काचेला टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला मागच्या काचेवर चढवायची, म्हणजे चारी तुकडे एकाच मापाचे कापता येतात. मग चार इंचाच्या काचेचा डबा बाहेरून चार इंच एक सूत आणि आतून चार इंचाला एक सूत कमी, हे त्यांनी पेन्सिल न काढता सांगितलं. वर तळाची काच आत्ता कापू नका, चौकट झाल्यावर मोजून कापा, हेही. ड्रॉवर करणाऱ्या माणसाला हे नवीन नसणारच, पण काचेला लावून कोण सांगतो!

आणि सगळ्यात भारी म्हणजे ती खाच. पट्ट्या गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बसवल्या आणि मग जिथे दोन्ही भेटतात तो आतला कोपराच पटाशीने उडवून टाकला. मला वाटलं आता एवढा नेमका कोपरा कशाला बिघडवताय. म्हणाले, "कोपऱ्यात भुसा साठतो ताई, मग काम गुण्यात बसत नाही." माझ्याकडे भुसा नाही, पण तांब्याच्या पट्टीचा दुमडलेला जाडसर भाग तिथेच येतो आणि सोल्डरचा थेंबही तिथेच ओघळतो. खाचेमुळे कोपरा कशालाच टेकत नाही, काच फक्त सरळ पट्टीला टेकते. आता दोन काचा जिगमधे उभ्या करायच्या, वरून आणि आतून सोल्डरचे नुसते डाग द्यायचे, एल तयार. असे दोन एल जोडले की चौकट. दोन्ही कर्ण मोजले तर सारखे, मी स्टीलच्या पट्टीने उलटसुलट मोजून बघितलेत.

जिगच्या तळाला सनमायकाचा तुकडा लावलात तोही कामाला येतो, फ्लक्सचा चिकटा ओल्या फडक्याने निघतो. आणि उरलेल्या लाकडाला जी व्ही पाडून दिलीत ना, तिच्यात डबा तिरका ठेवला की कोपऱ्याची शिवण वर आणि आडवी येते, म्हणजे सोल्डर एका बाजूला पळत नाही, गोल आणि सलग भरतं. (तुमच्यासाठी केलेला डबा खिळ्यांना वापरा, शेंगदाणे वगैरे ठेवू नका, सोल्डरमधे शिसं असतं.)

पैसे विचारले तर "टाकाऊ लाकूड होतं" म्हणालात. लाकूड टाकाऊ असेल, हात नव्हता. मनापासून थँक्यू काका.

आता षटकोनी डब्याची ऑर्डर आलीये, म्हणजे १२० अंशाची जिग लागणार, खाचेसकट. या वेळी पैसे घ्यायचे, हे आधीच सांगून ठेवते.