महासंगणकाची रांग आणि ‘वेळ’ या रकान्यातले २४ तास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महासंगणकाची बातमी आली की मथळ्यात पेटाफ्लॉपचा, म्हणजे यंत्र सेकंदाला किती गणितं करतं त्याचा, आकडा असतो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले तीन ‘परम रुद्र’ आणि हवामानासाठीची ‘अर्का’ व ‘अरुणिका’ ही यंत्रं देशाला अर्पण झाली, तेव्हाही तसंच झालं. एकट्या ‘अर्का’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, आकडा मोठाच आहे. पण सामायिक महासंगणक रोज वापरणाऱ्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. तो क्षमतेबद्दल बोलणार नाही, रांगेबद्दल बोलेल: जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं काम, लावून तीन दिवस झाले, अजून ‘पेंडिंग’. यंत्र अपुरं पडतं हे रांगेचं एक कारण आहेच. दुसऱ्या कारणासाठी मात्र नवं यंत्र घ्यावं लागत नाही. ते म्हणजे जॉब लावताना ‘वेळ’ या रकान्यात डोळे झाकून भरलेले २४ तास.

आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या यंत्रांवर स्लर्म नावाचा शेड्यूलर, म्हणजे कुणाचं काम कधी आणि कुठे चालवायचं ते ठरवणारा प्रोग्राम, चालतो. जॉब लावणाऱ्याने त्याला तीन गोष्टी सांगायच्या: किती नोड (महासंगणकात जोडलेले एकेक संगणक), किती मेमरी, किती वेळ. सांगितलेली वेळ संपली की जॉब मारला जातो, मग तो ९९ टक्के झालेला का असेना. या धास्तीने जो तो रांगेची कमाल मर्यादाच भरून मोकळा होतो. तीन तासांचं काम, मागितले २४ तास. ‘आपलं काय जातंय?’ असा हिशोब असतो. जातं बरंच, आणि ते आकड्यांतच पाहायला हवं.

समजा १० नोडचा लहानसा समूह आहे. पहिला जॉब ६ नोडवर चालू आहे आणि चार तासांनी संपणार आहे. रांगेत सर्वांत पुढे दुसरा जॉब आहे, त्याला सगळे १० नोड हवेत. म्हणजे उरलेले ४ नोड चार तास रिकामे: १६ नोड-तास. नोडमागे ४८ कोअर (प्रत्यक्ष गणित करणारे भाग) धरले तर ७६८ कोअर-तास वाया. ही फट भरायची पद्धत म्हणजे बॅकफिल. मागे उभा असलेला छोटा जॉब पुढे घ्यायचा, अट एवढीच की पुढच्याची ठरलेली वेळ ढळता कामा नये. ४ नोडचा, तीन तासांचा तिसरा जॉब इथे चपखल बसतो. पण त्याच्या मालकाने २४ तास लिहिलेत. शेड्यूलरला मनातलं कळत नाही. तो लिहिलेलं वाचतो. जॉब बसत नाही, नोड रिकामे राहतात आणि मालक ‘पेंडिंग’ बघत बसतो.

हे झालं स्वतःचं नुकसान. दुसऱ्याचं होतं ते जास्त वाईट, कारण ते कुणाला दिसत नाही. आता धरा की पहिल्या जॉबचंही खरं काम चार तासांचंच आहे, पण त्याने २४ लिहिलेत. शेड्यूलर दुसऱ्या जॉबला २४व्या तासाची वेळ देतो. मधल्या फटीत कुणाचा तरी ४ नोडचा, प्रामाणिकपणे २० तासांचा जॉब बसवतो. नियमात तो बरोबर बसतो. चौथ्या तासाला पहिला जॉब संपतो, ६ नोड मोकळे होतात, पण १० हवे असलेला दुसरा आता विसाव्या तासापर्यंत अडकला. सगळ्यांनी खरं लिहिलं असतं तर तो चौथ्या तासाला सुरू झाला असता. सोळा तास गेले ते पहिल्या जॉबच्या मालकाने भरलेल्या रकान्यामुळे, आणि तक्रार मात्र केंद्राच्या व्यवस्थापकाकडे येते.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ‘नमुना सात’ या पाणी-मागणीच्या अर्जावर कुणी किती क्षेत्राची मागणी भरली यावर शेजपाळीचं पाळीपत्रक ठरतं, आणि मागणीच फुगवलेली असेल तर पत्रक कितीही काटेकोर असो, पाणी भलतीकडेच जातं.

यावर संशोधन झालेलं आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या त्साफ्रिर, एत्सिऑन आणि फाइटेलसन या तिघांनी २००७मध्ये मांडलेला उपाय इतका साधा आहे की आधी विश्वास बसत नाही: त्याच माणसाचे शेवटचे दोन जॉब प्रत्यक्षात किती वेळ चालले त्यांची सरासरी काढा आणि तो पुढच्या जॉबचा अंदाज धरा. मेख पुढे आहे. माणसाने लिहिलेली वेळ ‘इथे मारा’ ही मर्यादा म्हणून तशीच ठेवायची, आणि वेळापत्रक आखताना अंदाज वापरायचा. जॉब अंदाजापेक्षा लांबला तर त्याला मारायचं नाही, अंदाज पुढे सरकवायचा. धास्ती आणि नियोजन हे दोन आकडे वेगळे केले की निम्मं भांडण मिटतं. स्लर्ममध्ये हे तयार मिळत नाही. पण जॉब स्वीकारताना चालणारी लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट केंद्राला लिहिता येते आणि जुन्या जॉबांची नोंद स्लर्मच्याच हिशोबात पडून असते. त्या नोंदीवरून रोज रात्री प्रत्येकाचा ताजा आकडा काढून ठेवला, तर स्क्रिप्ट तो ‘किमान वेळ’ म्हणून भरू शकते. किमान आणि कमाल अशा दोन वेळा दिल्या की बॅकफिल जॉबची मर्यादा त्या दोहोंच्या मध्ये आणून त्याला फटीत बसवतो. इथे एक सावधगिरी हवी: अशा वेळी मर्यादा खरोखरच कमी होते. म्हणून ज्या प्रोग्रामला मधूनच पुन्हा सुरू करता येतं, म्हणजे चेकपॉइंट आहे, त्यालाच ही सवलत द्यावी.

वापरणाऱ्यांनी काय करावं, तेही सांगतो. तसल्याच पाच जॉबांच्या खऱ्या वेळा काढा, त्यांतली सर्वांत मोठी घ्या, तिच्यावर पाव भाग चढवा. सर्वांत मोठी तीन तास दहा मिनिटं असेल तर चार तास मागा. त्याच नोंदीत मेमरीही पाहा. ४८ कोअर आणि १९२ जीबीच्या नोडवर कोअरमागे ४ जीबी येतात. एका कोअरच्या जॉबने ‘असू दे’ म्हणून ९६ जीबी मागितले तर अर्धी मेमरी अडली, आणि ४७ कोअर मोकळे दिसत असूनही त्यांतल्या निम्म्यांनाच काम देता येतं. मोठ्या गणितात चेकपॉइंट असेल तर २४ तासांचा एक जॉब लावण्याऐवजी सहा-सहा तासांचे चार लावा, एकाला दुसऱ्यावर अवलंबून ठेवा, आणि संपण्याआधी ३०० सेकंद इशारा मिळेल अशी सोय जॉबच्या फायलीतच करा. उलट टोकही टाळा: ३० सेकंदांचे दहा हजार जॉब लावले तर शेड्यूलरचाच जीव जातो. ते अर्ध्या-एक तासाच्या गठ्ठ्यांत बांधावेत.

देखभालीसाठी यंत्र बंद राहणार असेल तर आधीचे दोन दिवस रांग अकारण थिजल्यासारखी वाटते. कारण सरळ आहे: शुक्रवारी सकाळी आठला बंद व्हायचं असेल तर गुरुवारी सकाळी नऊला लावलेला २४ तासांचा जॉब त्या वेळेच्या पलीकडे जातो, म्हणून सुरूच होत नाही. तोच जॉब २० तासांचा करा, नोड मोकळे असतील तर लगेच लागेल. हा निरोप केंद्रांनी बंदच्या सूचनेतच एका ओळीत द्यायला हवा. तसंच ‘पेंडिंग’पुढे कारण लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय हवी. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे पुढे इतर उभे आहेत. ‘रिसोर्सेस’ म्हणजे तुमचा नंबर लागलाय, फक्त जागा व्हायची आहे.

चूक केंद्रांचीही असते. बॅकफिल किती पुढचं पाहतो याची एक खिडकी असते आणि स्लर्ममध्ये ती मुळात १,४४० मिनिटांची, म्हणजे एका दिवसाची असते. रांगेची मर्यादा चार दिवस ठेवली आणि खिडकी तशीच सोडली, तर उद्याच्या पलीकडचं शेड्यूलरला दिसतच नाही. मोठ्या जॉबसाठी जागा राखली जात नाही, छोटे पुढून सटकत राहतात, मोठा उपाशी. खिडकी निदान सर्वांत लांब मर्यादेएवढी हवी. ती वाढवली की हिशोबाचा भार वाढतो, म्हणून काळाची मोजपट्टी, म्हणजे शेड्यूलर वेळ ज्या तुकड्यांत मोजतो ती, मूळच्या ६० सेकंदांवरून ३०० किंवा ६०० करावी. ज्याने आधी जास्त वापर केला तो रांगेत मागे ढकलला जातो. या आधीच्या वापराचा भार किती काळ मोजायचा, तेही ठरवावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये तो दर सात दिवसांनी निम्मा होतो: आज वापरलेले १,००० कोअर-तास आठवड्याने ५०० मोजले जातात, दोन आठवड्यांनी २५०. तिमाही वाटपाच्या शेवटी उरलेला कोटा संपवायची झुंबड उडते, ती वेगळीच. आपल्याकडचा मार्च एंड संगणकालाही सुटलेला नाही.

आतापर्यंत एका यंत्राची गोष्ट झाली. अनेक संस्थांची यंत्रं जोडून ग्रिड केला की अंदाजाचं काम अवघड होतं, कारण प्रत्येक ठिकाणी शेड्यूलर स्वतंत्र, नियम स्वतंत्र, आणि वरून पाहणाऱ्याला आतली रांग नीट दिसत नाही. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या ‘गरुड’ ग्रिडने पहिल्या टप्प्यातच १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या होत्या. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ‘तिकडे रांग छोटी आहे, तिकडे पाठवा’ हा सर्वांत सोपा आणि बऱ्याचदा चुकीचा निर्णय. दोन टेराबाइट डेटा एक गिगाबिटच्या जोडणीवरून न्यायला, जोडणी पूर्ण मिळाली तरी साडेचार तास लागतात. ४० टक्केच मिळाली तर अकरा. इथे सहा तास थांबणं त्याहून स्वस्त. जोडणीचा वेग आणि यंत्राचा भार यांचा अंदाज बांधायला नव्वदच्या दशकात संगणकशास्त्रज्ञ रिच वोल्स्की यांनी ‘नेटवर्क वेदर सर्व्हिस’ उभी केली. तिची युक्ती आजही उपयोगी आहे: शेवटचं मोजमाप, सरासरी, मध्यक असे बरेच साधे अंदाजकर्ते एकाच वेळी चालवायचे आणि आजवर ज्याची चूक सर्वांत कमी, त्याचं ऐकायचं.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक ग्रिडने तर अंदाजाचं ओझंच कमी केलं. मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याची व्हीईसीसी या संशोधन संस्था म्हणजे त्या ग्रिडची आपल्याकडची केंद्रं. तिथे खरं काम आधी पाठवतच नाहीत. आधी जातो पायलट जॉब. तो दूरच्या रांगेत उभा राहतो, नोड मिळाला की डिस्क, मेमरी, सॉफ्टवेअर तपासतो, आणि सगळं ठीक असेल तरच मध्यवर्ती यादीतून काम ओढून घेतो. नोड बिघडलेला निघाला तर पायलट मरतो, काम वाचतं. कुठली रांग आधी सरकेल हे सांगावंच लागत नाही. जिथे आधी जागा झाली तिथे काम गेलं. फुकट काहीच नसतं. आठ कोअरच्या पायलटची वेळ संपत आली की सात कोअर मोकळे होऊन एका रेंगाळलेल्या कामाची वाट पाहतात. तिथेही उरलेल्या वेळेत कोणतं काम बसेल, हे कामाची लांबी ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. फिरून आपण त्याच रकान्यापाशी येतो.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संगणन केंद्राने दर आठवड्याला तीन आकडे संकेतस्थळावर टाकावेत, ही विनंती: जॉब सुरू होईपर्यंतच्या प्रतीक्षेचा मध्यक, दहांतल्या नऊ जॉबांना ज्याच्या आत जागा मिळाली तो काळ, आणि मागितलेल्या वेळेपैकी प्रत्यक्षात वापरलेला हिस्सा, विभागवार. सरासरी नको, कारण आठवडाभर अडकलेले चार जॉब ती कुठल्या कुठे नेतात. माहिती स्लर्मच्या नोंदीत असतेच, बाहेर काढायला एका दुपारचं काम. नव्या यंत्राच्या प्रस्तावाला मंजुरी देणाऱ्या समितीने या आकड्यांचं मागचं वर्ष प्रस्तावासोबत मागवावं. तिसरा आकडा जेमतेम १५ टक्के असेल, तर नव्या नोडांआधी त्या लुआ स्क्रिप्टची चौकशी करावी.

आपला,
सामायिक संगणन यंत्रणेचं काम पाहणारा एक वाचक, पुणे